वाकळीखालचा टीव्ही

अवो,

तुम्ही गेल्यापासून घरी भेटायला येणारं प्रत्येक माणूस दोन गोष्टी विचारतं. बसल्या बसल्या, ‘कसा काय झाला?’ आणि उठून चप्पल शोधता शोधता, ‘आमच्या टीव्हीचा काय झाला?’ पहिल्याचं उत्तर मी देते. दुसरा प्रश्न आला की जाऊबाई मध्ये पडतात. ‘बारावो तरी होवंदे आधी,’ म्हणतात. परवा बारावाही झाला. काल सकाळी दुकानाचं शटर वर केलं, आणि जरा वेळ तशीच उंबऱ्यावर उभी राहिले. भिंतीला टेकून, बाकाखाली, मीटरच्या कपाटामागे, सगळीकडे चपटे टीव्ही. काहींवर तुम्ही जुने टॉवेल घातले होते. मला दिसू नयेत म्हणूनच घातले असणार.

कणकवलीत डेपोच्या मागच्या गल्लीत आपलं एवढंसं दुकान. पाटीवर तुमचं नाव, आत दोन स्टुलं. लग्नानंतर मी डबा घेऊन यायचे आणि तुमचं जेवण होईपर्यंत दुसऱ्या स्टुलावर बसायचे. मग तुम्हाला चाळिशी लागली, बारीक सोल्डरिंग करताना हात थरथरायला लागला आणि एक दिवस तुम्ही सोल्डरगन माझ्या हातात दिलीत. तेव्हापासून ते स्टूल माझं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम तुमचं, आत बघायचं काम माझं. तुम्ही सगळ्यांचे अण्णा झालात, मी ‘अण्णांची मंगल’ राहिले. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते तोवर आपण भांडलो नाही. त्या डब्यात काहीही बिघडलं तरी काहीतरी करता यायचं. चित्र आक्रसलं, रंग गेला, मधोमध एकच पांढरी रेघ राहिली, तरी तुम्ही दोन दिवसांत तो उभा करायचात. काहीच सुचलं नाही तर बाजूला एक चापट. मग हे चपटे आले. कुणाच्या झिलाने दुबईहून आणलेले, कुणी मुंबईहून एसटीच्या टपावर बांधून आणलेले, नंतर नंतर तर इथल्याच शोरूममधून घेतलेले. पहिला आपल्या बाकावर आला तेव्हा तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, ‘ह्येका पाठच नाय. चापट मारूची खंय?’

पण खरी अडचण चापटीची नव्हती. ह्या टीव्हीत पुढची काच, म्हणजे पॅनेल, गेलं की सगळंच गेलं. नवं पॅनेल घालण्यापेक्षा नवा टीव्ही घेतलेला बरा. हे गिऱ्हाइकाला सांगायला लागायचं, आणि तुमच्या तोंडून ‘गेलो’ हा शब्द काही केल्या निघायचा नाही. मी मीटर लावून बघायचे, तुम्हाला म्हणायचे, ‘पॅनेल गेला.’ तुम्ही बाहेर जाऊन सांगायचात, ‘बघतंय. वायच वेळ लागतलो.’

ते गुरुजी आठवतात? त्यांच्या टीव्हीवर उजवीकडे वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. पॅनेलच्या कडेची पट्टी सुटलेली, ती आपल्याकडे चिकटत नाही.

‘अण्णा, रेघ जातली मा?’

‘जातली. घराक घेऊन जावा. महिनोभर रोज बघत ऱ्हवा, मगे दिसाची नाय.’

मी आत कपाळाला हात लावला. महिन्याने गुरुजी सपत्नीक आले, तुमच्यासाठी फणस घेऊन. रेघ खरंच दिसेनाशी झाली म्हणाले. त्यांच्या बायकोने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, ‘रेघ थयच आसा. ह्येंका दिसणा नाय.’ तुम्ही तो फणस माझ्यासमोर, एक एक गरा करत, विजयी मुद्रेने खाल्लात.

मी म्हणायचे, हे खोटं आहे. तुम्ही म्हणायचात, खोटं नाही, सावकाश आहे. ह्यावर आपण जेवताना भांडलो, दुकानात भांडलो, स्कूटरवर तर कितीदा भांडलो. स्कूटरवर मी मागे असायचे, म्हणून तुम्हाला ऐकू न आल्याचं सोंग घेता यायचं.

मिठबावला गेलो ते भांडण त्यातलं सगळ्यात मोठं. गेल्या वर्षीची गोष्ट, आंबे उतरायचे दिवस. पार्वतीकाकीचा फोन आला. ती मासे विकायला बसते ती. नवरा होडीवर, मोठा मुलगा दुबईला, घरात लग्नाची मुलगी रेश्मा, लहानपणी काकीबरोबर आपल्या दुकानात यायची ती. दुबईच्या मुलाने भलामोठा चपटा टीव्ही आणून दिला होता.

‘अण्णानू, आवाज येता, पण चित्र येणा नाय. आणि आज दुपारी शिरोड्याची माणसां येतत, चेडवाक बघूक.’

बघायला येणाऱ्यांना टीव्ही कशाला हवा, असं मी विचारलं. तर सोयरिकीचं बोलणं चाललं असताना काकीने सांगून ठेवलं होतं, आमच्या घरात एवढा मोठा टीव्ही आहे. रेश्माचं आधीचं एक स्थळ मोडलं होतं ते ‘माणसं बढाई मारतात’ एवढ्यावरून. आता काळी काच दाखवली तर पुन्हा तेच होणार. काकी फोनवर रडायच्या बेतात होती. तुम्ही स्कूटर काढलीत.

पोचलो तर टीव्ही लावलेलाच होता. काळ्याभोर काचेतून कुणीतरी हुंदके देत होतं आणि रेश्मा समोर बसून नारळ खवत होती.

‘कळता काय गो?’ तुम्ही विचारलंत.

‘कळता तर. रडता ती सून. गप ऱ्हवता ती सासू,’ रेश्मा म्हणाली.

आवाज आहे आणि चित्र नाही, म्हणजे दोन गोष्टी असू शकतात. एक तर चित्रच उमटत नाही, नाहीतर चित्र उमटतंय पण त्याच्या मागचा उजेड गेलाय. काचेवर तिरका टॉर्च मारला आणि पुसटसं का होईना काही हललं, तर चित्र शाबूत. पण त्याला काळोख लागतो, आणि काकीचं घर समुद्राकडे सताड उघडं. दारं-खिडक्या लावल्या तरी कौलातल्या काचेतून ऊन थेट टीव्हीवर. शेवटी काकीने आतून वाकळ आणली. दोन माणसांवर सहज येईल एवढी मोठी, आणि सुक्या बांगड्याच्या वासाची. आपण दोघं टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसलो आणि काकीने ती आपल्यावर आणि टीव्हीवर मिळून पांघरली.

आत काय उकडत होतं. तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला, तुमचा चष्मा घामाने घसरत होता. तुम्ही टॉर्च लावलात, काचेला तिरका धरलात, जरा खाली घेतलात. त्या एवढ्याशा गोल उजेडात एका बाईचा अर्धा चेहरा दिसला, डोळ्याला पदर लावलेला.

‘सून,’ तुम्ही कुजबुजलात. तुम्हाला इतका आनंद झाला होता की जणू तिला घरी आणायचंय. ‘बघ मंगल. जिवंत आसा पॅनेल.’

‘उजेड तेवढो गेलो,’ मी म्हटलं. आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. त्या दिवशी मला कुणाला ‘गेलो’ सांगायला लागणार नव्हतं.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज झाला. मग चपला, आणि अनोळखी माणसांचं खाकरणं. शिरोड्याची मंडळी वेळेच्या कितीतरी आधी आली होती. मी उठायला गेले तर तुम्ही माझा हात धरून खाली बसवलंत. आता उठलो तर जास्तच वाईट दिसेल, असं तुमचं म्हणणं. वाकळीखालून दोन माणसांचे चार तळवे बाहेर दिसत असताना ह्याहून वाईट काय दिसणार होतं, ते मला आजवर समजलेलं नाही.

काकी एकदम ऑफिसात बोलावं तसं बोलायला लागली. ‘या, या. बसा. प्रवासात त्रास नाही ना झाला?’

चपला आपल्या पाठीमागे येऊन थांबल्या. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, ‘ह्या काय गो?’

‘ती… टीव्ही बघतत,’ काकी म्हणाली.

‘वाकळ घेऊन?’

काकीने काय सांगितलं ते नीट ऐकू आलं नाही. पण वाकळीची कड वर झाली आणि नथ घातलेलं एक म्हातारं डोकं आत आलं. मुलाची आजी. ती गुडघे धरत धरत आपल्या दोघांच्या मध्ये बसली आणि कड पुन्हा खाली सोडली.

‘दाखवा माका.’

तुम्ही टॉर्च धरलात.

‘ही कोण?’

‘सून,’ तुम्ही अदबीने म्हणालात.

‘रडता कित्याक?’

ते तुम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा बाहेरून रेश्मा म्हणाली, ‘तिच्यार दागिने चोरल्याचो आळ घातलो, आजी. घेतले नणंदेन.’ आजीने विचारलं, मग ही बोलत का नाही. रेश्मा म्हणाली, बोलली असती तर मालिका दोन दिवसांत संपली असती. आजी आत खुदखुदून हसली. मग आतून प्रश्न आणि बाहेरून उत्तरं, असं बराच वेळ चाललं. तू असतीस तर काय केलं असतंस, सासूची चूक की नवऱ्याची, सगळं. मुलीचा चेहरा न बघता आजीने मुलगी बघून घेतली. तुमचा हात अवघडला होता, पण तुम्ही टॉर्च हलू दिला नाहीत.

नंतर टीव्ही आडवा घालून मी मागचं झाकण उघडलं. आता पाहुणे खुर्च्यांवर ओळीने बसून आपल्याकडेच बघत होते. झाकण उचलताच दिसलं. मागच्या उजेडाला जी सर्किटची पाटी वीज पुरवते तिच्यावर एक पाल, आडवी, वाळून कडक झालेली. उबेला आली असणार. दोन टोकांना एकदम टेकली, स्वतःही गेली आणि पाटीवरचा फ्यूजही घेऊन गेली. मी तोंड उघडलं. ‘पाल’ हा शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात तुमचा हात माझ्यासमोरून गेला आणि पाल तुमच्या शर्टाच्या खिशात.

‘काय व्हता?’ मुलाच्या वडिलांनी विचारलं.

‘धूळ,’ तुम्ही म्हणालात.

मी मान खाली घातली, फ्यूज बदलला, काळा पडलेला भाग पुसला. टीव्ही उभा केला, लावला, आणि ती रडणारी सून एकदम एवढी मोठी आणि एवढी लख्ख दिसली की आजीने स्वतःचेच डोळे पुसले. काकीने चहा आणि खाजं आणलं. मुलाचे वडील मुद्दाम तुमच्या शेजारी येऊन बसले.

‘अण्णा, खिशात काय तां?’

शेपूट बाहेर आली होती. मी हातातलं खाजं परत बशीत ठेवलं.

‘वायर,’ तुम्ही म्हणालात.

तेव्हा मी मुलाकडे बघितलं. तो समोरच होता. त्याने शेपूट बघितली, तुमच्याकडे बघितलं, आणि तुमच्या कपाळावरचा घाम बघितला. मग उठला, स्वतःचा रुमाल काढला आणि म्हणाला, ‘घाम पुसा अण्णानू. उकाडो आसा.’ तुम्ही घाम पुसलात आणि रुमाल तसाच खिशावर धरून ठेवलात. त्याच्या वडिलांना काही कळलं नाही. मी चहाची भांडी घेऊन आत गेले. रेश्मा चुलीपाशी उभी होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘झील बरो आसा गो.’ मी माणसाबद्दल एवढ्या लवकर असं बोलत नाही, हे तिला माहीत होतं.

परत येताना स्कूटरवर मी सुरुवात केली.

‘पाल व्हती तां सांगाक काय झालेला?’

‘चेडवाच्या बघण्यात मेलेली पाल? खुळावलंस काय?’

‘म्हणान धूळ म्हणाचा?’

‘धूळच ती. वायच वेळ लागतलो, एवढाच.’

ह्यावर मी इतकी बोलले की खाडीच्या पुलावर तुम्ही स्कूटर थांबवलीत. पाल टाकून देतो, मग तरी गप्प बसशील, म्हणालात. खिशात हात घातलात. खिसा रिकामा. दुसरा खिसा बघितलात. मग आपल्या दोघांना एकदमच आठवलं, की निघताना तुम्ही तो रुमाल नीट घडी करून मुलाला परत दिला होता.

तुम्ही स्कूटर चालू केलीत ती थेट कणकवलीलाच थांबवलीत. मी मागे बसून हसत होते. ते तुम्हाला कळू नये म्हणून तुमच्या पाठीला तोंड लावून हसत होते.

लग्न ठरलं. लग्नाला आपण गेलो, आणि तुम्ही मांडवात खांबाआडून खांबाआड फिरत होतात. शेवटी मुलाने तुम्हाला गाठलंच. पाया पडला आणि हळूच म्हणाला, ‘अण्णानू, तुमची वायर माझ्याकडे आसा.’ तुम्ही त्याला अष्टपुत्रा सौभाग्यवती भव असा आशीर्वाद दिलात. इतके गोंधळला होतात.

यंदा गणपती झाले आणि तुमच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात तुम्हाला खिडकीजवळची खाट मिळाली, आणि समोरच्या भिंतीवर, उंच, एक चपटा टीव्ही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. सरळ, आडपडदा न ठेवता, मी सांगते तसं. मी आत आले. तुम्ही विचारलंत, ‘काय म्हणालो डॉक्टर?’

मी म्हटलं, ‘बघतंय म्हणालो. वायच वेळ लागतलो.’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. मोठ्याने नाही. तुम्हाला सगळं कळलं, की मी शेवटी तुमच्यासारखी बोलले ह्याचंच हसू आलं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही वाटत नाही. एक गोष्ट आपल्यात न बोलता राहिली, आणि ती तशीच बरी आहे. फक्त आता कधी कधी भात लावताना ते हसू आठवतं आणि शिट्ट्या मोजायच्या राहून जातात.

त्याच दुपारी तुम्ही टीव्हीकडे बोट दाखवलंत. ‘मंगल, माणसां बघ. सगळी फुगली हत.’

चित्र ताणलेलं होतं. चौकोनी चित्र आडव्या काचेवर ओढून बसवलेलं, त्यामुळे बातम्या देणारी मुलगी पोळपाटासारखी दिसत होती. बाजूचं एक बटण दाबलं की सरळ होतं. तुम्ही सिस्टरकडे रिमोट मागितलात. तो हरवला होता. मग मला म्हणालात, स्टूल घे आणि चढ.

‘हॉस्पिटलातलो टीव्ही आपलो न्हय,’ मी म्हटलं.

‘माका तरास होता बघूक.’

‘मगे डोळे मिटा.’

‘डोळे मिटलंय तरी माका म्हायत आसा मा, ती जाडी आसा.’

असं आपण संध्याकाळपर्यंत भांडलो. शेजारच्या खाटेवरचे काका आपल्याकडे करमणूक म्हणून बघत होते. मी घरी निघताना तुम्ही म्हणालात, उद्या येताना छोटा स्क्रूड्रायव्हर आण. बटण दाबायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, हे मी तुम्हाला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. स्क्रूड्रायव्हर माझ्या पिशवीत होता.

आता तुमच्या दुकानाचं सांगते. काल मी एकेक टॉवेल काढला, एकेक टीव्ही लावून बघितला आणि एकेकाला फोन केला. मनाची तयारी केली होती. लोक म्हणतील, अण्णांनी फसवलं, एवढे महिने थांबवलं. पहिले आले ते नाटळचे काजूवाले. मी म्हटलं, ‘पॅनेल गेला. अण्णांनी तुमका सांगाक होया व्हता.’

ते म्हणाले, ‘माका म्हायत व्हता, वैनी. ह्या दुकानात टीव्ही आसा म्हणान घरात कोण नवो मागत नाय व्हते. ऱ्हवांदे अजून दिवाळीपर्यंत.’

दुसऱ्याच्या मुलाची दहावी होती, त्याला टीव्ही घरात नकोच होता. तिसरी बाई म्हणाली, घरात टीव्ही नाही तर सासूबाई जेवताना बोलायला लागल्यात, मग परत कशाला नेऊ? एकानेही तुम्हाला नाव ठेवलं नाही, कारण एकही फसला नव्हता. सगळ्यांना तुमचं ‘बघतंय’ म्हणजे काय ते ठाऊक होतं. मला तेवढं ठाऊक नव्हतं. आणि मी समोरच्या स्टुलावर बसत होते.

तरी भांडण संपलं असं समजू नका. पाल ही पाल असते.

आज सकाळी राहिलेले कागद आणायला हॉस्पिटलात गेले. तुमच्या खाटेवर कुणीतरी दुसरं झोपलं होतं, तोंडावर चादर घेऊन. शेजारचे काका अजून तिथेच. टीव्ही चालू होता आणि माणसं तशीच फुगलेली. मी सिस्टरना विचारलं नाही. कोपऱ्यातलं स्टूल घेतलं, पदर खोचला, चढले आणि बाजूचं बटण दाबलं. एकदा दाबल्यावर आणखी फुगली, पुन्हा दाबल्यावर सरळ झाली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे ती मुलगी, मान नीट, खांदे नीट, आपल्या मापाची.

‘बाय गो,’ काका खाटेवरून म्हणाले, ‘पयलीच बरी व्हती. आता उपाशी दिसता.’

तुम्ही असतात तर ‘बघतंय’ म्हणून पुन्हा जाड करून दिली असती. मी स्टुलावरून खाली उतरले, स्टूल जागेवर ठेवलं.

‘आजचो दिवस ऱ्हवांदे, काका,’ मी म्हटलं. ‘उद्या सिस्टरांक सांगा.’